डोळ्यातला कण आणि लिव्हरवरचा ठिपका

मला मूळव्याध आहे, हे माझं मीच ठरवलं होतं. रक्त पडतंय, बसायला त्रास होतोय, मग दुसरं काय असणार? कंपनीत आमच्या लाइनवर निम्म्या लोकांना मूळव्याध आहे आणि उरलेल्या निम्म्यांकडे तिच्यावरचं औषध आहे. कुणी सुरणाची भाजी सांगितली, कुणी ताकात जिरं घालून प्यायला सांगितलं. एकाने तर चाकणच्या बाजारातून कसलीशी मुळी आणून दिली आणि ती करदोट्याला बांधायला लावली. मी सगळं इमानेइतबारे केलं. सुरण तर इतका खाल्ला की बायको म्हणाली, आता तुम्हाला जमिनीत पुरलं तर कोंब फुटेल.

शेवटी तीच मला ओढत डॉक्टरांकडे घेऊन गेली. लग्न झाल्यापासून माझ्या हातून जे काही शहाणपणाचं झालंय ते असं ओढत नेल्यावरच झालंय. दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि काही दिवसांनी सर्जन बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "काका, ही मूळव्याध नाही. गुदाशयाचा कॅन्सर आहे."

मला आधी हसूच आलं. गुदाशय हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. आमच्या गावाकडे, लातूरच्या बाजूला, त्या जागेला जे म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. आणि इथे तिला असं तळ्याकाठच्या देवळासारखं नाव! पण बाहेर आलो आणि स्कूटरला किल्ली लागेना. मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. बायकोने किल्ली काढून घेतली, स्कूटर तिथेच ठेवली आणि रिक्षा थांबवली.

सर्जन बाई वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी कागदावर एक नळी काढून समजावलं होतं. ऑपरेशनच्या आधी तो कुठवर पोचलाय ते बघायचं. नळीच्या भिंतीतच आहे, की भिंत ओलांडून शेजारच्या, सगळ्यांच्याच अंगात असतात त्या, बारीक गाठींमध्ये गेलाय, की रक्तातून थेट लिव्हर नाहीतर फुप्फुस गाठलंय. "आहे तिथेच असेल तर मी काढून टाकीन. लिव्हरमध्ये गेला असेल तर मात्र रस्ता वेगळा. आधी औषधं, ऑपरेशनचं नंतर बघू."

ते 'नंतर बघू' आम्हा दोघांच्याही कानात अडकलं. कंपनीत साहेब पगारवाढीबद्दल 'नंतर बघू' म्हणाले की पोरं पुढचं विचारतसुद्धा नाहीत. तेव्हा सगळं एवढ्यावर येऊन ठेपलं होतं: लिव्हर स्वच्छ निघालं तर मला कापणार, आणि कापलं तर मी जगण्याची चांगली आशा होती. मी देवाला नवस बोललो तोसुद्धा असा की, बाबा, मला कापू दे.

त्यासाठी दोन तऱ्हेचे फोटो लागणार होते. कमरेखालचा भाग बारकाईने बघायला एमआरआय, आणि छाती-पोट बघायला सीटी. एमआरआय आधी मिळाला म्हणून आम्ही रहाटणीच्या एका सेंटरला गेलो. काउंटरवरची मुलगी भराभर विचारत होती आणि मी भराभर उत्तरं देत होतो.

"पेसमेकर आहे का, काका?"

"नाही."

"अंगात रॉड, स्क्रू?"

"नाही."

"डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

"नाही."

हे तिसरं 'नाही' माझ्या तोंडून कसं निघालं ते समजायला आमची कंपनी समजून घ्यावी लागेल. गेटजवळ एक मोठा फलक आहे. शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले ते त्यावर रोज लिहितात. आकडा गोल झाला की सगळ्यांना भेटवस्तू मिळते, कधी कॅसरोल, कधी जेवणाचा डबा, एकदा छत्री. पण मध्येच कुणी डोळा चोळत फर्स्ट एडला गेला की आकडा शून्यावर. मग सगळी शिफ्ट त्या माणसाकडे अशी बघते, की जणू त्याने त्यांच्या बायकांच्या हातातून कॅसरोल हिसकावलाय. म्हणून आमचा एक नियम आहे. कण गेला तर बोंबलायचं नाही. हलक्या हाताचा एखादा भाऊ सोबत घेऊन बाथरूममध्ये जायचं. तो पापणी उलटी करतो, रुमालाच्या टोकाची वात करून कण टिपतो. नाहीच निघाला तर डोळ्यासमोर चुंबक फिरवतो. आणि सेफ्टी ऑफिसरने लाल डोळा बघून विचारलंच तर म्हणायचं, काही नाही साहेब, झोप कमी झाली.

मी ग्राइंडिंगवर. आधी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये होतो, मग चाकणला. आमच्या कामात ठिणग्यांचा पाऊस असतो. चष्मा मिळतो, पण घामाने त्यावर वाफ धरते, मग तो हळूच कपाळावर जातो आणि दिवसभर कपाळाचं उत्तम रक्षण करतो. इतक्या वर्षांत माझ्या डोळ्यात किती कण गेले याची गणतीच नाही. पण कुणी विचारलं की तोंडातून आपोआप 'नाही' निघतं. जीभच तशी वळलीय.

माझ्या मागे पिशवी धरून उभी असलेली बायको एकदम पुढे आली.

"आवो, नाही काय म्हणायलाव? त्या दिवाळीला डोळा टमाट्यावानी करून कोण आलतं घरी? आठ-आठ दिवस गुलाबपाणी म्या कुणाच्या डोळ्यात घातलं, शेजाऱ्याच्या?" मग ती काउंटरवरच्या मुलीकडे वळली. "बाई, ह्या माणसानं सांगितलेलं काय बी लिहू नका. मी सांगते ते लिहा."

मुलीने पेन खाली ठेवलं. "काका, आत भलंमोठं चुंबक आहे. डोळ्यात कण राहिला असेल तर तो आतल्या आत हलतो. डोळा जाऊ शकतो."

चुंबक! आमच्याकडे जो इलाज होता, त्यानेच माझा डोळा गेला असता. आणि तोही कशासाठी, तर इथे ना कुणी कॅसरोल देणार होतं, ना छत्री. मी जवळच्या खुर्चीवर बसलो. बायको मात्र जागेवर उभी राहून त्या मुलीला कुठल्या डोळ्यात काय काय गेलं होतं ते साल-सणांसकट सांगत होती. माझ्या डोळ्यांचा सगळा इतिहास तिला तोंडपाठ होता.

सेंटरवाल्यांनी सर्जन बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, एमआरआय थांबवा. सगळं सीटीवरच करू. त्यात चुंबक नसतं, क्ष-किरण असतात. आधी डोळे बघू, मग छाती, पोट आणि ओटीपोट एकाच वेळी. आतल्या भिंतीचे बारीक थर सीटीत तितके स्पष्ट दिसत नाहीत, तेवढ्यासाठी खालून सोनोग्राफी करू.

"खालून म्हणजे?" बायकोने मुलीच्या हातातला फोन घेऊन विचारलं.

बाईंनी सांगितलं असावं. बायकोने पदर तोंडाला लावला आणि खांदे हलवत हसत राहिली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून मी माझा अपमान पोटात घातला.

सीटीच्या दिवशी मी उपाशी होतो. पाण्याची मोठी बाटली हातात दिली होती आणि ती थोडी थोडी करून संपवायची होती. बायको शेजारी बसून सुपरवायझरसारखी घोट मोजत होती. आमच्या समोर, आम्ही राहतो त्या दिघी गावातलेच एक आजोबा, पांढरी टोपी घालून, तशीच बाटली मांडीवर घेऊन बसले होते. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "पयलीच येळ हाय व्हय? भिऊ नगासा. मशीन काय बी करत न्हाई, नुसतं गरगर फिरतंय. भ्या वाटतं ते हितं भायेर बसल्यावर."

"तुमची कितवी वेळ, आजोबा?"

"आमी आता हितलंच हाय समजा," ते म्हणाले आणि मजेत पाणी पिऊ लागले.

आत गेल्यावर तिथल्या ताईंनी अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. घड्याळ, अंगठी, करदोट्यातला चांदीचा मणी. करदोटा सोडताना ती चाकणच्या बाजारातली मुळी टपकन टेबलावर पडली.

"हे काय आहे, काका?"

"औषध."

"टाका ते कचऱ्यात!" दारातून बायकोचा आवाज आला.

सीटीचं मशीन म्हणजे एक मोठं गोल कडं आणि त्यातून आत-बाहेर सरकणारा पलंग. आधी डोळ्यांचे फोटो झाले. मग हात डोक्यावर घ्यायला लावले, सुई टोचली, आणि ताई काचेमागे गेल्या. मशीनमधून एका बाईचा आवाज हिंदीत हुकूम सोडू लागला: साँस लीजिए, रोकिए. मी रोखला. कडं फिरायला लागलं. इतकं गुळगुळीत फिरत होतं की मला राहवलं नाही. श्वास सोडायची परवानगी मिळाल्याबरोबर मी मोठ्याने म्हणालो, "ताई, बेअरिंग झकास आहे हो!" माइकवरून हसण्याचा आवाज आला.

मग सुईतून औषध सोडलं. आधी घशात गरम वाटलं, मग छातीत, मग पोटात, आणि मग थेट खाली. मला वाटलं, झालं, अब्रू गेली. पायजमा ओला झाला.

"ताई, गडबड झाली!"

"काही झालेलं नाही काका, सगळ्यांना तसंच वाटतं. हलू नका."

हळूच हाताने चाचपलं असतं, पण हात डोक्यावर होते. ती गरमी ओसरेपर्यंत मी मनातल्या मनात आमच्या लाइनवरच्या सगळ्यांना ही गोष्ट सांगूनसुद्धा झाली होती. वाटलं, संपलं. उठायला गेलो तर आवाज आला, "काका, उठू नका. थोडं थांबून आणखी एकदा घ्यायचंय."

"का?"

"डॉक्टरांना लिव्हर जरा नीट बघायचंय."

पुढचा सगळा वेळ मी छताकडे बघत पडून होतो. कंपनीत माप तपासायला गेजवर टाकलेला पार्ट चांगला असेल तर पुढे जातो. पुन्हा तपासायला बाजूला काढला म्हणजे काहीतरी असतं. माझं लिव्हर बाजूला काढलं होतं. मला देव आठवला नाही, खोटं कशाला बोलू. बाहेर पिशवी घेऊन बसलेली बायको आठवली. तिला अजून काही माहीत नव्हतं आणि मी आत पडल्या पडल्या तिच्याआधी ते ऐकलं होतं, याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

पुन्हा श्वास रोखला, पुन्हा कडं फिरलं, आणि मी बाहेर आलो.

"एवढा येळ?" तिने विचारलं.

"काही नाही."

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. चार दिवसांपूर्वीच एका 'नाही'ने आमचं काय झालं असतं ते दोघांनाही आठवत होतं. मी बाकावर बसलो आणि सांगितलं, लिव्हरचा फोटो दुसऱ्यांदा काढला. तिने पिशवीतून डबा काढला, धपाटे आणि दही माझ्यापुढे ठेवलं. "आधी खावा," म्हणाली. मी जेवलो. तिने एक तुकडाही तोंडात घातला नाही.

शनिवारी रिपोर्ट सांगणार होते. मधल्या दिवसांत ती खालून सोनोग्राफी झाली, तिच्याबद्दल मी एवढंच लिहीन की झाली. आणि कंपनीतून फोन सुरू झाले. रहाटणीचा किस्सा मीच एकाला सांगितला होता, तो सगळ्या शिफ्टमध्ये पसरला. मला वाटलं लोक माझी चौकशी करायला फोन करतायत.

"कसा आहेस भावा? बरा ना? बरं, एक सांग राव, त्या मशीनमध्ये डोळ्यातलं जुनं लोखंड दिसतं म्हणे?"

एकजात सगळ्यांनी हेच विचारलं. कॅन्सर मला झाला होता आणि झोप त्यांची उडाली होती. एकाने तर त्याच्या बायकोलाही फोनवर घेतलं आणि मला सांगायला लावलं की घरातल्या कॅसरोलचा नि तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांचा काय संबंध आहे. तिने पुढे त्याचं काय केलं ते मला कळलं नाही, पण तो आता चष्मा कपाळावर सरकवत नाही. मी परत कामावर रुजू झालो तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

शनिवारी सकाळी आम्ही सर्जन बाईंच्या खोलीत बसलो. स्कूटर चालवायचा धीर नव्हता म्हणून रिक्षाने आलो होतो. बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला.

"आधी गंमत बघा," त्या म्हणाल्या. पडद्यावर माझ्या डोक्याचा आडवा काप होता, आणि उजव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात एक पांढराशुभ्र ठिपका चमकत होता. "हा तुमचा कण. किती वर्षं तिथे बसलाय कोण जाणे. एमआरआय तुम्हाला आयुष्यात करायचा नाही, लक्षात ठेवा."

मी बायकोकडे बघायचं टाळलं. त्या डोळ्याने मी आज जे काही बघतोय ते तिच्यामुळे, हे मी तेव्हाच मनात कबूल केलं.

मग छाती आली. बाई माउस फिरवत होत्या आणि काकडीच्या चकत्या सरकाव्यात तसे माझ्या अंगाचे काप एकामागोमाग एक सरकत होते. फुप्फुसं स्वच्छ होती. मग लिव्हर आलं, आणि त्यात एक करडा ठिपका होता. तो मलाही दिसला. बायकोने माझ्या शर्टाची बाही धरली. आमच्याकडे चार लोकांत नवऱ्याला हात लावत नाहीत, तिने लग्नानंतर कधी लावला नव्हता.

"हाच बघायला तुम्हाला दुसऱ्यांदा झोपवलं होतं," बाई म्हणाल्या. "आता हे दोन फोटो शेजारी शेजारी बघा. पहिल्यात रंगाचं औषध फक्त ठिपक्याच्या कडेला आहे. दुसऱ्यात, थोड्या वेळाने, ते हळूहळू आत भरत गेलंय. कॅन्सरची गाठ असं करत नाही. हा नुसता रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. बहुतेक जन्मापासूनचा. त्याला हातसुद्धा लावायचा नाही."

"म्हणजे?" बायकोने विचारलं.

"म्हणजे लिव्हरमध्ये पसरलेला नाही."

"परत सांगा, बाई."

त्यांनी परत सांगितलं. मग पुढचंही सांगितलं. सोनोग्राफी आणि सीटी दोन्ही मिळून बघता गाठ भिंतीच्या आतच दिसतेय, आजूबाजूच्या गाठी सुजलेल्या नाहीत. अगदी पक्कं काय ते काढलेला भाग तपासल्यावरच कळणार, फोटोवरून त्या शब्द देणार नाहीत. "पण नंतर बघू वगैरे काही नाही," त्या हसून म्हणाल्या. "बुधवारी ऑपरेशन करायचं."

"कापता येतंय?" बायको म्हणाली.

"येतंय."

बाहेर आलो तर ऊन स्वच्छ पडलं होतं. मला रस्त्यात नाचावंसं वाटत होतं. साठीला टेकलेला माणूस, पोट फाडायचं ठरलंय, आणि मी रिक्षावाल्याला 'काय राव, मजेत ना?' विचारत होतो. दिघीच्या अलीकडे बायकोने अचानक रिक्षा थांबवली आणि उतरून मिठाईच्या दुकानात शिरली. मी मागोमाग गेलो. रिक्षावाला थांबून राहिला.

"एक किलो पेढे द्या," ती म्हणाली.

दुकानदार ओळखीचा होता. खोका उघडता उघडता त्याने विचारलं, "काय ताई, नातू झाला का?"

"नाही. ह्यांचं ऑपरेशन हाय."

"अरे वा! झालं का नीट?"

"झालं नाही. बुधवारी व्हायचंय."

त्याचा हात खोक्यावरच थांबला. तो एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागला. मी आपला हसत उभा. "ऑपरेशन व्हायच्या आधी पेढे वाटणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय, ताई," तो म्हणाला.

"ज्याचं ऑपरेशन होत नाही म्हणतात ना दादा, त्याच्या बायकोला इचारा जाऊन," बायको म्हणाली, आणि त्या काचेच्या कपाटावर दोन्ही हात टेकून रडायला लागली. रडता रडता हसत होती, हसता हसता पदराने काच पुसत होती. एवढ्या दिवसांत तिने मला रडताना बघितलं होतं, मी तिला नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुकानात माणसं होती, ठेवला तरी.

दुकानदाराने पेढे तोलले, मग तोललेल्यावर आणखी मूठभर टाकले आणि खोका दोरीने बांधून तिच्या हातात दिला.

रिक्षात बसल्यावर तिने दोरी सोडली. पहिला पेढा रिक्षावाल्याला दिला, दुसरा मला. मग तिसराही मीच घेतला, आणि चौथा. एरवी अर्ध्या पेढ्यावर माझा हात धरणारी ती बाई खोका मांडीवर उघडा धरून बसली होती. घर येईपर्यंत मी खात राहिलो आणि तिने मला एकदाही थांबवलं नाही.